पंधरा चढल्या, सोळा उतरल्या

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता या सुपात गळून पडतील. हसू नका गं. मालन, तू तर मुळीच हसू नकोस. तुझ्या नवऱ्याला दिसलेला बिबट्या शेवटी रानमांजर निघाला, तरी आम्ही सगळं ऐकून घेतलंच की.

तर मी गोठ्यात उभी होते. ऑस्ट्रिया देशातल्या, हिंटरबाख नावाच्या खोऱ्यातल्या गोठ्यात. सकाळची वेळ, नऊवारीवर लेकीचं जाकीट, पायात जावयाचे बूट, आणि समोरच्या गाईच्या शिंगांना मी बाशिंग बांधत होते. तेवढ्यात मागनं बाई ओरडली. अशी ओरडली की छपरावरचं मांजर खाली पडलं. हे मांजराचं पण खरं आहे.

ती बाई म्हणजे घरमालकीण. नाव नोटबुर्गा. ते नाव माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी तिला बुर्गाबाई म्हणायचे. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच वाळकी, पण हात बघाल तर कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे. तिनं बाशिंग माझ्या हातातून ओढलं, छातीशी धरलं, आणि दाराबाहेर डोंगराकडं बघत अंगावर क्रूस काढला. मग जे काय बोलली त्यातला एक शब्द मला कळला नाही, पण शिव्या कुठल्याही मुलखातल्या असल्या तरी कळतात.

माझी शेवंता धावत आली. शेवंता माझी धाकटी, तिकडं इन्सब्रुकला नर्स आहे. चौदा वर्षांपूर्वी मला दोन महिने घेऊन गेली होती. शहरात मी कंटाळले. भांडी घासायला मशीन, कपडे धुवायला मशीन, बोलायला माणूस नाही. तेव्हा ती म्हणाली, "चल आई, आठ दिवस तुला गुरं दाखवते." म्हणून आम्ही या बुर्गाबाईच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं उतरलो होतो. तिसराच दिवस.

"आई, काय करून ठेवलंस हे?"

"अगं, मी काय चोरलं का? बाशिंग खुंटीला लटकत होतं, दुधासाठी घरी ठेवलेली ती एकच गाय मोकळ्या कपाळानं उभी होती. बेंदराला आपण बांधतोच की."

"इथं बेंदूर नसतो आई!"

"मग हे काय कोंबड्यांना बांधायचं?"

आणि काय बाशिंग होतं बायांनो! सुरूच्या फांद्या वळवून केलेला कमरेएवढा उंच मुकुट, त्याला कागदाची शेकडो फुलं, मधोमध आरसा, वर लाल रिबिनी. बुर्गाबाई रोज जेवणानंतर एकेक फूल वळत बसायची ते मी बघितलं होतं. मला वाटलं, बाई दमली असेल, आपण बांधून टाकू.

बुर्गाबाई चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली. शेवंतानं मला ओसरीवरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं.

त्या खोऱ्यातली रीत अशी. उन्हाळा लागला की गुरं डोंगरावरच्या कुरणात चढवायची. चार महिने तिथंच. सप्टेंबरात थंडी पडायला लागली की वाजतगाजत खाली आणायची. सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं. पण बाशिंग बांधायचं ते फक्त वरची सगळी गुरं सुखरूप उतरली तरच. एक जरी वर मेलं, कड्यावरून पडलं, वीज पडून गेलं, किंवा घरात कुणाचं मरण झालं, तर त्या घरची गुरं उघड्या कपाळानं उतरतात. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. बघणाऱ्याला कळतं. माणसं टोप्या काढतात.

"आणि सगळी मोजून झाल्याशिवाय बाशिंग कुठल्याच गाईला चढवायचं नाही," शेवंता म्हणाली.

आपल्यात काय म्हणतात? बाळंत होण्याआधी पाळणा बांधू नये. मी पाळणा बांधून बसले होते!

"या घरची गुरं तीन वर्षं उघडी उतरलीत आई. पहिल्या वर्षी वीज पडली, दोन गेल्या. दुसऱ्या वर्षी एक घळीत पडली. गेल्या वर्षी तिचा नवराच गेला. आणि यंदा तिच्या पोरानं, हान्नेसनं, सांगितलंय की चौथ्या वर्षी पण उघडी उतरली तर पुरे. गुरं विकायची, वरचं कुरण सोडायचं, गोठ्याच्या जागी पाहुण्यांच्या खोल्या काढायच्या. आणि हिनं त्याच्या हातावर हात ठेवून कबूल केलंय."

"कधी उतरणार गुरं?"

"शनिवारी."

त्या दिवशी बुधवार होता. आम्ही बोलतोय तोवर आत फोन वाजला. बुर्गाबाईनं उचलला, ऐकला, ठेवला. मग ती दारात आली आणि शेवंताकडं नाही, माझ्याकडं बघून दोन वाक्यं बोलली.

"काय म्हणते?"

शेवंता माझ्याकडं बघेना. "वरनं सेपचा फोन होता. तो गुराखी. पंधरातली एक सापडत नाही. सेन्झी."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे, त्यात तुझा काय दोष? गाय आधीच हरवलेली. ते मला कळतं गं. पण ती बाई ज्या नजरेनं बघत होती ना, तिथं असलं शहाणपण चालत नाही. मी पण डोंगरातलीच आहे. माझं माहेर कोयनेच्या वरच्या पठारावरचं, आम्ही गवळी धनगर. माझा बाप वाघाला नावानं हाक मारायचा. तर अपशकुन मला शिकवायची गरज नव्हती.

दोन दिवस मी गप्प होते. होय, मी! शेवंतानं माझं कपाळ हात लावून बघितलं.

करायला काम नव्हतं, तर बघत फिरले. काय मुलूख आहे! डोंगर इतका उभा की उतारावर बटाटा लावला तर काढायला जावं लागत नाही, तयार झाला की आपोआप घरंगळत दारात येतो. खिडकी खिडकीत लाल फुलं. वळचणीखाली जळाऊ लाकडं अशी रचलेली की एक ढलपी पुढं नाही, एक मागं नाही. आणि शेणाचा उकिरडा, माझी आई, उकिरडासुद्धा कडेनं थापून चौकोनी केलेला! मी बराच वेळ त्यापुढं उभी राहिले. शेवंता म्हणाली, "आई, लोक बघतायत." म्हटलं, बघू देत, त्यांना पण कळू दे की कुणाला तरी कौतुक आहे.

वाटेवर ठिकठिकाणी लाकडी छपराखाली येशू. पायाशी रानफुलं. आपल्या म्हसोबासारखाच, शिवेवर उभा. मी प्रत्येकाच्या पाया पडत गेले आणि एकच मागितलं. येणारी जाणारी माणसं "ग्रूस गॉट" म्हणायची. म्हणजे देवाचा नमस्कार. मी पण "ग्रूस गॉट, ग्रूस गॉट" करत सुटले. पण बुधवारी दुपारपर्यंत गावभर झालं होतं की निळ्या लुगड्यातल्या म्हातारीनं मोजणीआधीच बाशिंग बांधलं. एक बाई तर मला बघून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेली.

गावातली गडीमाणसं वर शोधायला गेली होती. कुत्री घेऊन, शिट्ट्या मारत, हाका घालत. गुरुवारी संध्याकाळी हान्नेस परत आला. उंच, देखणा गडी. बर्फात माणसं वर नेणाऱ्या पाळण्यांवर कामाला होता. वाईट नव्हता हो. थकला होता. बूट काढले, टेबलाशी बसला. बुर्गाबाई पावाचे गोळे उकडत होती, चीज घातलेले. आम्हा दोघींनाही तिनं टेबलाशीच बसवलं होतं. पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही, मग तो अवदसा का असेना.

हान्नेस काहीतरी हळू बोलला. शेवंता माझ्या कानात म्हणाली, "म्हणतोय, घळीत बघितलं, ओढ्यात बघितलं. आणि आईला विचारतोय, आपलं ठरलंय ना?"

बुर्गाबाई झाऱ्यानं गोळे वाढत राहिली.

मला राहवेना. म्हटलं, "शेवंते, विचार त्याला, सेन्झी गाभण आहे का?"

हान्नेस म्हणाला, हो, पण नोव्हेंबरात वेणार.

"पहिलारू?"

हो.

"विचार, शेवटची दिसली तेव्हा तिची कास कशी होती? शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडं खड्डे पडले होते का?"

"आई, माणसं जेवतायत. मी हे विचारणार नाही."

"तू नर्स आहेस का वाण्याची सून?"

विचारलं तिनं. लाल होऊन विचारलं. हान्नेसला काय ठाऊक? त्याला पाळण्याच्या तारा विचारा. पण बुर्गाबाईच्या हातातला झारा थांबला. तिनं वर सेपला फोन लावला. बोलली, ऐकलं. मग माझ्याकडं वळून दोन्ही हातांची बोटं कमरेशी नेऊन खड्डे दाखवले, आणि चार बोटं वर केली. चार दिवसांपूर्वी.

"मग ती हरवली नाही," मी म्हटलं. "ती लपलीय. विण्यासाठी बाजूला गेलीय. आणि तुम्ही दोन दिवस कुत्री भुंकवताय, शिट्ट्या मारताय! कुठली गाय बाहेर येईल? माझं बाळंतपण चालू असताना दारात बँड लावला तर मी पण नाही यायची."

शेवंतानं सगळं सांगितलं की निम्मं गाळलं, ठाऊक नाही. पण बुर्गाबाई माझ्या ताटात आणखी एक गोळा वाढून गेली. मी त्याला माफी समजले आणि पोट फुटेस्तोवर खाल्ला.

शुक्रवारी सकाळी हान्नेसनं जीपमधून आम्हाला वरच्या लाकडी खोपटाशी सोडलं. तिथं सेप होता, दाढीवाला, तोंडात चिलीम, तीन दिवस झोपला नसावा. चौदा गाई खोपटाभोवती चरत होत्या. आणि मी बघतच राहिले. करड्या, चांदीच्या रंगाच्या, डोळ्याभोवती काजळ! आपल्या खिलारावर कुणी लोकर शिवली तर दिसेल ना, तशा. प्रत्येकीच्या गळ्यात घंटा. सगळ्या एकदम माना हलवतात तेव्हा डोंगराच्या पोटात देऊळ आहे असं वाटतं.

मी फर्मान काढलं. "कुत्रं बांधा. हाका बंद. कुणी मागनं यायचं नाही. फक्त मी आणि बुर्गाबाई." शेवंता म्हणाली, "तुम्हा दोघींना एकमेकींची भाषा कुठं येते?" म्हटलं, "गाईला कुठली भाषा येते?"

बुर्गाबाईनं मिठाची पिशवी कमरेला बांधली. वर एक झरा होता, त्याच्याजवळ मोठ्या धोंड्याच्या आड आम्ही बसलो. बाप माझा सांगायचा, व्यालेल्या जनावराला शोधायला जाऊ नये, त्याच्या पाण्यावर जाऊन बसावं. पाण्याला ते येणारच.

बसलो. ऊन वर आलं. समोर बर्फाचे सुळके, खाली खोरं, त्यात घरं म्हणजे सांडलेल्या चिंचोक्यासारखी. बुर्गाबाईनं पाव काढला, अर्धा मला दिला. मग बोटांनी विचारलं, पोरं किती? मी पाच दाखवली, आणि त्यातली दोन मिटली. तिनं एक दाखवलं. मग आणखी एक दाखवलं आणि लगेच मिटलं. आम्ही थोडा वेळ पाव चावत बसलो.

मग मला काय सुचलं, मी तिला माझ्या बापाची आणि वाघाची गोष्ट सांगितली. मराठीत, कुजबुजत, वाघाच्या शेपटीला घंटा बांधल्याच्या प्रसंगासकट. तिला एक अक्षर कळलं नाही. पण शेपटीपाशी ती तोंडावर पदर... पदर कुठला, झग्याचा घोळ धरून हसायला लागली. मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. त्यात एक पाद्री होता, एक बैल होता, आणि बैल जिंकला. शपथेवर सांगते, मला सगळी कळली.

दुपार कलली तेव्हा टण्ण झालं. एकच घंटा. हलकी.

सेन्झी आली. पोट बसलेलं, मागची बाजू वाळून काळी पडलेली. मी बुर्गाबाईचा हात दाबला. गाय पाणी प्यायली, किती प्यायली! मग मिठाचा वास लागला तशी जवळ आली, बुर्गाबाईच्या तळहातावरचं मीठ चाटलं. बुर्गाबाईच्या डोळ्यांतून पाणी, पण तिनं आवाज केला नाही. मी खूण केली, धरू नकोस. जाऊ दे.

आता बघा गंमत. व्यालेली गाय सरळ वासराकडं जात नाही. सेन्झी आधी डावीकडं गेली. थांबली, मागं बघितलं, उगाच गवत ओरबाडलं, जशी काही तिला कुठं जायचंच नाही. मग उजवीकडं. परत थांबली. माणसाच्या डोळ्यात बघून थाप मारते ती! पण मला थाप मारायची म्हणजे सोनाराला पितळ विकायचं. मी बुर्गाबाईला म्हटलं, बस, अजून उठू नकोस. तिसऱ्यांदा गाय वळली ती झपझप चढाला लागली, खुरट्या पाइनच्या जाळीत शिरली, आणि घंटा थांबली.

मग आम्ही उठलो. रांगत गेलो म्हटलं तरी चालेल. जाळी बाजूला केली.

आत न्हाणीएवढा खळगा. त्यात सेन्झी उभी. आणि तिच्या पायाशी वासरू! तांबूस, कारण तिकडं करड्या गाईला वासरू तांबूस होतं. एवढंसं, कान मोठे. मला बघितलं आणि लटपटत उठून उभं राहिलं, आणि "हम्मा" केलं. मी लुगड्याच्या पदरात गुंडाळून ते खाली आणलं. पाठीमागनं सेन्झी हुंकारत, आणि तिच्या मागनं बुर्गाबाई.

शनिवारी काय सांगू तुम्हाला! वेशीबाहेरच्या कुरणात गुरं थांबवली, मोजली. पंधरा चढल्या, सोळा उतरल्या! वासरू हान्नेसच्या खांद्यावर. बँड वाजत होता, पाद्रीबाबा पाणी शिंपडत होते, बायका फुलांफुलांच्या झग्यात, पुरुष चामड्याच्या तोकड्या चड्ड्यांत, गुडघे उघडे टाकून. जी बाई माझ्यामुळं रस्ता ओलांडून गेली होती ती रस्ता ओलांडून परत आली आणि माझ्या हातात केक ठेवून गेली.

आणि बाशिंग. रीतीप्रमाणं ते बांधतात कळपाच्या म्होरकीला. म्होरकी पुढं उभी, कपाळ पुढं करून. बुर्गाबाई बाशिंग घेऊन आली आणि तिला ओलांडून मागं गेली, थेट सेन्झीपाशी. हान्नेस म्हणाला, "आई, ही कशी?" बुर्गाबाई दोरी आवळत एकच वाक्य बोलली. शेवंतानं मला सांगितलं, "म्हणाली, ती हरवली नव्हती."

हान्नेसनं आईच्या हातावर हात ठेवला. गुरं विकायची गोष्ट त्यानं परत काढली नाही.

हा बघा फोटो. शेवंतानं काढलेला. ही सेन्झी, हे बाशिंग, आरशात ऊन चमकतंय. ही बुर्गाबाई. हे निळं लुगडं म्हणजे मी.

काय मोजतेस गं मालन?

हो. पंधराच आहेत.

वासरू? ते... हान्नेसच्या खांद्यावर. हो, हान्नेसच्या हातात काठी आहे. खांद्यावर काही नाही. दिसतंय मला, चष्मा लावलाय मी.

बरं. बसा खाली. तो फोटो इकडं दे.

तुमच्यात गुरं राखलेली एक बाई जरी असती ना, तरी तिनं मला जाळीपाशीच पकडलं असतं. नोव्हेंबरात वेणारी गाय सप्टेंबरात व्याली. साडेसात महिन्यांचं वासरू जगतं का कुठं?

ते गार पडलेलं होतं. दोन दिवसांचं तरी असेल. सेन्झीनं चाटून चाटून त्याचे केस एका बाजूला बसवले होते, भांग पाडल्यासारखे. पाणी पिऊन ती परत त्याच्याकडंच येत होती. आम्हाला हुलकावण्या देत होती त्या त्याच्याचपायी.

बुर्गाबाई खाली बसली. मग तिनं एक बोट वर केलं. एक. वर मेलं, आणि रीत म्हणजे रीत. मी तिच्यासमोर बसले आणि खडे मांडले. पंधरा खडे, इकडं, चढलेल्या. मग तेच पंधरा, तिकडं, उतरलेल्या. झालं की बाई, हिशेब बरोबर. तिनं सोळावा खडा उचलला आणि मधोमध ठेवला. मी तो उचलून जाळीत फेकला. ती उठली, जाळीत शिरली, हातापायाला ओरखडे काढून घेत तो शोधला, की दुसराच घेऊन आली कुणास ठाऊक, आणि परत मधोमध ठेवला. मी फेकला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी तिचा हात धरला. पाच बोटं दाखवली, दोन मिटली. तिनं दोन दाखवली, एक मिटलं. आणि मी तिच्या हाताची मूठ वळवून त्यात खडा घातला. मोजू नकोस, तुझ्यापाशी ठेव.

मग आम्ही दोघींनी धोंडे रचून त्याला झाकलं. सेन्झीला हलवायला अंधार पडायची वेळ आली.

खोपटापाशी सेपनं गाईच्या कासेकडं बघितलं. टोपी काढली. परत घातली. म्हणाला, चला, पंधरा झाल्या. शेवंतानं विचारलं, "वासरू?" मी म्हटलं, "कसलं वासरू? माझा अंदाज चुकला." माझ्या जन्मात मी एवढ्या थापा मारल्या, पण कुणाला एवढ्या थोडक्यात पटलेली ती एकच.

बुर्गाबाई त्यानंतर आठ उन्हाळे वर गुरं पाठवत राहिली. त्यातले दोन उन्हाळे वाईट गेले. त्या दोन्ही वर्षी तिनं गुरं उघड्या कपाळानं आणली, मान वर करून. शेवंता सांगायची फोनवर. मग म्हातारी गेली, झोपेत. आता मी कुणाचं काय उघडं पाडणार?

तेव्हा एवढं एकच खोटं. ते वासरू उठून उभं राहिलं, ते मी केलं. दर वेळी करते. मेलेलं सांगून बघितलं एकदा, स्वतःशीच, चुलीपाशी. पुढं बोलवेना. म्हणून मी त्याला उठवते, हंबरायला लावते, आणि पदरात घेऊन खाली आणते. बाकी सगळं जसं घडलं तसंच.